दात येतायत म्हणून पडला म्हणे कान: एका जर्मन शेफर्ड पिल्लाचं प्रकरण

प्रकरण माझ्या मैत्रिणीच्या कुत्र्याचं. जर्मन शेफर्ड, नर, नाव ब्रुनो. घरी आणला तेव्हा दोन महिन्यांचा होता, दोन्ही कान पडलेले. साडेचार महिन्यांपर्यंत दोन्ही उभे झाले, मग पाचवा महिना भरता भरता एका संध्याकाळी उजवा कान पडला तो पडलाच, डावा मात्र ताठ. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, दात येतायत, ह्या वयात कान पडतात, कॅल्शियम द्या, होईल. आता ह्यातलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा बरोबर निघतं हे मला मान्य आहे, पण ब्रुनोच्या बाबतीत ते अर्धंच बरोबर होतं आणि उरलेलं अर्धं कानाच्या आत अडकलेलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. पिल्लाचे कान वाढताना इतक्या वेळा रूप बदलतात की त्या गडबडीत खरा त्रास सहज लपून जातो.

आधी नॉर्मल काय ते बघू, नाहीतर ॲबनॉर्मल कळणार कसं.

पिल्लू जन्मतं तेव्हा कानाची पाळी इवलीशी, डोक्याला चिकटलेली असते आणि आतली नळी बंद असते. डोळे साधारण दुसऱ्या आठवड्यात उघडतात, कानाची नळी दोन ते तीन आठवड्यांच्या दरम्यान, तोपर्यंत पिल्लाला आपल्या हाका-बिका काही ऐकू येत नाहीत. पाळीच्या आत कूर्चा असते, म्हणजे कार्टिलेज, आणि ही लवचिक जातीची कूर्चा असते, दुमडली तरी परत आपल्या जागी येणारी. सुरुवातीला ती एकदम मऊ असते. त्यामुळे उभ्या कानांच्या जातीतसुद्धा सगळी पिल्लं लोंबत्या कानांचीच दिसतात, लांडग्याची पिल्लंसुद्धा. पुढे कूर्चा जाड आणि घट्ट होत जाते, कानाच्या मुळाशी असलेले स्नायू ताकद धरतात, आणि ज्या जातीच्या रक्तात उभे कान आहेत तिथे ते उभे राहतात.

उभं राहणं मुळापासून सुरू होतं, टोकाकडून नाही. हे लक्षात ठेवलं की निम्मी काळजी कमी होते. कानाच्या मुळाशी कूर्चा गुंडाळलेली असते, नळीसारखी, आणि सपाट कागद हातात धरला तर वाकतो पण तोच थोडा गोल वळवला तर उभा राहतो ना, तसंच तिथे होतं. आधी मूळ वर येतं, टोक लटकतच असतं. मग कान बाजूला विमानाच्या पंखांसारखे आडवे होतात, ह्याला लोक एअरप्लेन इयर्सच म्हणतात. मग कधी दोन्ही टोकं डोक्यावर एकमेकांवर येतात, कधी एक उभा एक आडवा, कधी सकाळी दोन्ही वर आणि संध्याकाळी दमल्यावर दोन्ही खाली. ह्या सगळ्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे आणि हसायचं, एवढंच त्या काळात करण्यासारखं असतं.

सगळ्याच जातींचा शेवट उभ्या कानांनी होत नाही हेही इथेच सांगून टाकते, कारण लॅब्रेडॉरचं पिल्लू घेऊन कान कधी उभे राहतील विचारणारे लोक मी बघितलेत. लॅब्रेडॉर, बीगल, बॅसेट हाउंड ह्यांचे कान आयुष्यभर लोंबतेच. कोली आणि शेल्टीच्या कानाचा तीन चतुर्थांश भाग उभा आणि टोक पुढे वाकलेलं. फॉक्स टेरियरची पाळी पुढे दुमडून बटणासारखी बसते, ग्रेहाउंड आणि व्हिपेटचा कान मागे घडी घालून डोक्याला टेकतो. फ्रेंच बुलडॉग आणि कॉर्गीचे मात्र मोठे उभे कान. मिक्स पिल्लू असेल तर आई-बापाचे कान बघायला मिळाले तर अंदाज, नाहीतर वाट बघायची. कान लोंबता की उभा ह्याचा संबंध कुत्र्याच्या १० व्या क्रोमोसोमवरच्या एका भागाशी जोडला गेलाय, तिथे एमएसआरबी३ नावाचा जीन आहे, २०१० च्या आसपासच्या अभ्यासांत हे पुढे आलं. म्हणजे बराचसा निकाल पिल्लू जन्मायच्या आधीच लागलेला असतो, आपण वरून काय चारतो ह्याला त्यात फारशी किंमत नाही.

आता ब्रुनो. तीन महिन्यांचा होत असताना त्याचा डावा कान मुळापासून उठला, उजवा मागे राहिला, मग दोन आठवड्यांत उजव्यानेही गाठलं. चार महिन्यांच्या सुमाराला पुढचे दुधाचे दात पडायला लागले. पिल्लांना दुधाचे दात २८ असतात आणि कायमचे ४२, पुढचे छोटे दात आधी बदलतात, सुळे साधारण पाच-सहा महिन्यांत, मागच्या दाढा सहा-सात महिन्यांपर्यंत पूर्ण होतात. नेमक्या ह्याच काळात जर्मन शेफर्डचे कान खालीवर होत असतात. ब्रुनोचेही झाले, एकदा दोन्ही चार दिवस पडले आणि परत उठले. त्या चार दिवसांत मैत्रीण घाबरली, कुणीतरी सांगितलं म्हणून कॅल्शियमचं सिरप सुरू केलं, कान उठले आणि श्रेय सिरपला गेलं. त्यामुळे पुढे उजवा कान पडला तेव्हा तिचा पहिला मेसेज होता, "डोस वाढवू का गं?"

मी म्हटलं, थांब, डोस-बिस काही वाढवू नकोस, आधी मला फोटो नको, व्हिडिओ पाठव, आणि तो झोपलेला असताना नाही, काहीतरी आवाज करून त्याचं लक्ष वेधून घे आणि मग काढ.

फोटोत दातांच्या वयात पडलेला कान आणि दुखण्याने पडलेला कान सारखेच दिसतात. कान बघायचा तो कुत्रा सावध असताना. कुत्र्याच्या कानाला दीड डझनाहून जास्त स्नायू असतात, आवाज आला की पाळी त्या दिशेला फिरते, आणि टोक कितीही मऊ असलं तरी मूळ हललेलं दिसतं. दात येण्याच्या काळात पडलेला कानसुद्धा आवाजाला हलतो, वर यायचा प्रयत्न करतो, टोक मागे पडतं एवढंच. ब्रुनोच्या व्हिडिओत डावा कान टकाटक फिरत होता आणि उजवा मुळापासूनच बाहेर आणि खाली धरलेला, अजिबात हलत नव्हता. डोकं किंचित उजवीकडे कललेलं. मध्येच जोरात डोकं झटकलं, मागच्या पायाने कान खाजवायला गेला आणि पाय लागताच केकाटला. व्हिडिओ जेमतेम अर्ध्या मिनिटाचा होता पण त्यात सगळं आलं होतं.

मग मी विचारलं की कान हळूहळू पडला की एकदम. एकदम. दुपारपर्यंत ठीक होता. दुपारी काय केलं? मोकळ्या जागेत सोडला होता, वाळलेलं उंच गवत होतं, त्यात लोळला, पळाला, मजा केली. परत आला तेव्हापासून डोकं झटकतोय पण "ते तो नेहमीच करतो ना". कानाचा वास घे म्हटलं, वास नव्हता. आत बघ म्हटलं, वरून स्वच्छ. हात लावायला गेली तर डोकं काढून घेतलं, डाव्या कानाला मात्र खुशाल हात लावू दिला.

माझ्या मते इथे निर्णय झालाच होता. दातांमुळे कान पडला तर दुखत नाही, निदान कानाला हात लावला म्हणून पिल्लू रडत नाही. आणि दात दोन्ही बाजूंना येतात. एकच कान, अचानक, वर दुखतोय, डोकं त्याच बाजूला कलतंय, म्हणजे त्या कानातच काहीतरी आहे. मैत्रिणीचा भाऊ म्हणाला की रात्रभर बघू, सकाळी कदाचित उठलेला असेल. मी म्हटलं सकाळी उठलेला असला तरी दाखवायचाच, आणि तोपर्यंत आत तेल नको, ड्रॉप्स नको, इयर बड तर अजिबातच नको.

इयर बडवर माझा एवढा राग का ते सांगते. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ आत जात नाही. आधी खाली उतरते आणि मग आतल्या बाजूला वळते, एल अक्षरासारखी. वरून आपल्याला दिसतं ते फक्त उभ्या भागाचं तोंड, पडदा त्या वळणाच्या पलीकडे. बड घातला की मळ असो वा आणखी काही, ते वळणाकडे ढकललं जातं. ड्रॉप्सचं तर जास्तच जपून, पडद्याला भोक पडलेलं असेल तर काही औषधं आतल्या कानाला बाधतात, त्यामुळे पडदा बघितल्याशिवाय घरातली जुनी बाटली उघडायची नसते. आणि ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांच्या घरी ती जुनी बाटली असतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे. मीही गेले होते. डॉक्टरांनी आधी चांगला कान तपासला. हे मला फार आवडलं, कारण दुखरा कान आधी धरला की पिल्लू नंतर दुसऱ्यालाही हात लावू देत नाही, आणि चांगला कान बघितल्याशिवाय त्या पिल्लाचं नॉर्मल काय ते कळत नाही. मग डोळ्यासमोर बोट नेऊन दोन्ही डोळे मिटतात का बघितलं, ओठ एका बाजूला लोंबतोय का बघितलं. कान हलवणारे स्नायू चेहऱ्याच्या नर्व्हवर चालतात आणि ती नर्व्ह मधल्या कानाच्या अगदी जवळून जाते, त्यामुळे कान पडलाय, ओठ लोंबतोय आणि डोळा नीट मिटत नाहीये असं तिन्ही एकत्र दिसलं तर प्रकरण खोलवर गेलेलं असू शकतं. ब्रुनोचा डोळा आणि ओठ ठीक होते. उजव्या कानाला ओटोस्कोप, म्हणजे कान आतून बघायची दुर्बीण, लावू देईना, म्हणून गुंगीचं इंजेक्शन दिलं.

वळणाशी, मळात अर्धवट बुडालेलं, गवताचं कुसळ होतं. डॉक्टरांनी लांब बारीक चिमटा ओटोस्कोपमधूनच आत नेला, पकडलं आणि हळू ओढलं. कापसावर ठेवलं तेव्हा मी जवळून बघितलं, जेमतेम नखाएवढं, पुढे सुईसारखं टोक आणि मागच्या दिशेला झुकलेले बारीक केस. त्या केसांमुळेच ते फक्त पुढे सरकतं, मागे येत नाही. कुत्रं डोकं झटकतं ते बाहेर पडावं म्हणून, पण प्रत्येक हालचालीबरोबर ते आणखी आत जातं, आणि बरेच दिवस राहिलं तर पडदाही फोडू शकतं. ब्रुनोचा पडदा शाबूत होता, नळी लाल आणि सुजलेली. स्वॅब काचेवर फिरवून मायक्रोस्कोपखाली बघितलं, थोडे बॅक्टेरिया होते, माइट म्हणजे कानात होणारे बारीक किडे नव्हते. पिल्लांमध्ये कानातले माइट हे दुसरं नेहमीचं कारण, त्यात कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट मळ दिसतो आणि खाज भयंकर असते, पण तो त्रास बहुधा दोन्ही कानांत असतो. कान धुवून स्वच्छ केला, ड्रॉप्स लिहून दिले, परत तपासायला बोलावलं.

रात्रभर थांबण्यापेक्षा जास्त थांबू नका असं मी का म्हणते त्याला अजून एक कारण आहे, आणि त्याचा कानाच्या आकाराशी थेट संबंध येतो. सारखं डोकं झटकल्याने पाळीच्या आतली रक्तवाहिनी फुटू शकते. मग कातडी आणि कूर्चा ह्यांच्यामध्ये रक्त साठतं, पाळी उशीसारखी फुगते आणि वजनाने खाली येते. तसंच सोडलं तर रक्त हळूहळू शोषलं जातं, पण आत व्रण धरतो आणि तो आकसताना पाळी चुरगळते, ती कायमचीच. म्हणजे ज्या कानाच्या आकारासाठी लोक महिनोन्‌महिने कॅल्शियम पाजतात, तो आकार एका साध्या दुर्लक्षित खाजेने जाऊ शकतो.

कॅल्शियमवर डॉक्टर आमच्यासमोर बरंच बोलले. ब्रुनो पिल्लांसाठीचं पूर्ण तयार फूड खात होता, त्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. पिल्लं साधारण सहा महिन्यांची होईपर्यंत त्यांचं आतडं जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही, जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंच रक्तात जातं. मोठ्या जातीच्या पिल्लांत ह्याचा फटका हाडांना आणि सांध्यांना बसतो, वाढ वाकडी होते, सांध्याची कूर्चा नीट हाडात बदलत नाही. म्हणून तर मोठ्या जातीच्या पिल्लांच्या फूडमध्ये कोरड्या वजनाच्या १.८ टक्क्यांपेक्षा जास्त कॅल्शियम नसावं अशी मर्यादा अमेरिकेतल्या आफ्को ह्या संस्थेने घालून दिलीय. आणि कान कॅल्शियमवर उभा राहत नाही मुळी, पाळीतली कूर्चा ही कोलॅजन आणि इलॅस्टिन अशा तंतूंची असते. "दातांनी कॅल्शियम ओढून घेतलं म्हणून कान पडला" हे ऐकायला पटतं, कारण दोन्ही गोष्टी एकाच वयात होतात. पण एकाच वेळी होतात म्हणून एकीमुळे दुसरी होते असं थोडंच आहे. सिरप त्याच दिवशी बंद झालं. मैत्रिणीचा चेहरा बघण्यासारखा होता, तिचा त्या बाटलीवर फार विश्वास बसला होता.

कुसळ काढल्यावर कान लगेच टुणकन उभा राहील अशी घरच्यांची अपेक्षा होती. तसं झालं नाही. डोकं कलणं दुसऱ्या दिवशी थांबलं, आवाजाला मूळ हलायला लागलं, आठवड्याभरात मूळ पूर्ण वर आलं, पण टोक काही वर येईना. परत फोन, परत काळजी. पण आता चित्र वेगळं होतं. हात लावला तर दुखत नव्हतं, वास नाही, खाजवणं नाही, आणि ह्यावेळी डाव्या कानाचंही टोक डुलायला लागलं होतं कारण सुळे नेमके तेव्हाच बदलत होते. म्हणजे ज्याला आधी सगळे दात म्हणत होते ते कुसळ निघालं आणि ज्याला नंतर सगळे कुसळाचा परिणाम म्हणत होते ते बरंचसं दात येण्याच्या वयाचं नेहमीचं खालीवर होणं होतं. तपासणीत नळी स्वच्छ दिसली, मग वाट बघण्यात धोका नव्हता.

ह्या काळात एक गोष्ट मात्र केली. घरी येणारा प्रत्येक जण कौतुकाने ब्रुनोचे कान मागे दाबून डोकं कुरवाळायचा, ते बंद केलं, हनुवटीखाली खाजवा म्हटलं. शेजारचा मोठा कुत्रा खेळताना त्याचा कान तोंडात धरून ओढायचा, तेही थांबवलं. कूर्चा घट्ट होत असताना उगाच तिची परत परत घडी कशाला घालायची.

टेपचा विषय निघणारच होता. कानाला आतून आधार लावून टेपने उभे बांधतात, जर्मन शेफर्डवाल्यांमध्ये हे सर्रास चालतं. मी सरसकट विरोधात नाही. दात येऊन संपत आले, मूळ घट्ट आहे आणि फक्त पाळी आत पडतेय अशा पिल्लाला डॉक्टरांच्या सल्ल्याने, नळीचं तोंड मोकळं ठेवून, मध्ये मध्ये काढून कातडी तपासत टेप लावतात. पण तीन महिन्यांच्या पिल्लाला लोकांचे व्हिडिओ बघून टेप लावणं हा मूर्खपणा आहे, तो कान तसाही उठणारच असतो. आणि नुकती सूज उतरलेल्या, ड्रॉप्स चालू असलेल्या कानाला टेप म्हणजे आतली ओल कोंडून इन्फेक्शनला परत बोलावणं. ब्रुनोच्या बाबतीत डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं.

सातव्या महिन्यात दाढा पूर्ण झाल्या, डावा कान सुरीसारखा ताठ. उजवा मुळापासून उभा आहे, आवाजाला डाव्याइतकाच चटकन फिरतो, पण वरचा बोटभर भाग अजून जरासा बाहेर झुकतो, पळताना जास्त. आता तो आठ महिन्यांचा होऊन गेलाय. ह्या वयापर्यंत जे उठायचं ते बहुतेक उठलेलं असतं, त्यामुळे उरलेलं टोक उठेलच असं डॉक्टरांनी सांगितलं नाही. भावाला अजून टेप लावून बघायची आहे, मैत्रीण तयार नाही. वाळलेल्या गवतातून आलं की ती त्याचे दोन्ही कान आतून बघते, पायांच्या बोटांमध्येही, कारण कुसळ तिथेही घुसतं. मागच्या आठवड्यात डाव्या पायात एक सापडलं, घुसायच्या आत.